रक्त दिसलं की घाबरायचं कधी? कुत्री आणि माणसं, दोघांसाठी धागा

मोगरी

आमच्या घरात सध्या रक्ताचे तीन विषय एकदम चालू आहेत, म्हणून हा धागा काढतेय.

पहिली चिंगी. रस्त्यावरून आणलेली गावठी कुत्री, वय अंदाजे दहा महिने. फरशीवर लाल ठिपके दिसले आणि घर हादरलं. नवरा ऑफिस सोडून आला, रिक्षात घालून तिला डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी शेपटी उचलून पाहिली आणि म्हणाले, "हीटवर, म्हणजे माजावर आलीय. घरी न्या, आणि गेट लावून ठेवा." दुसरा मुलगा. उन्हाळा लागला की त्याचा घोळणा फुटतो. आता कुणाला त्याचं काही वाटत नाही, तो स्वतःच बेसिनपाशी जाऊन उभा राहतो. तिसऱ्या सासूबाई. पाळी जाऊन बरीच वर्षं झाली. मध्येच कपड्यावर डाग पडतो, हे दिवाळीपासून त्या कुणाला बोलल्या नव्हत्या. चिंगीसाठीची धावपळ बघून सहज म्हणाल्या, "मला पण होतं गं असं कधीकधी. उष्णता असेल."

म्हणजे ज्या रक्तासाठी रिक्षा केली ते अगदी निसर्गनियमाचं, आणि जे उष्णता म्हणून सोडून दिलं त्यासाठी तातडीने सोनोग्राफी. स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंनी स्पष्ट सांगितलं, पाळी बंद होऊन वर्ष उलटलं की नंतर एक ठिपका दिसला तरी तपासायचा. कमी-जास्तीचा प्रश्नच नाही. सासूबाईंच्या गर्भाशयाचं अस्तर ११ मिलिमीटर आलंय. ४ पर्यंत असतं तर काळजी बरीच कमी होती म्हणाल्या. आता बायोप्सी होईल.

माझं मत असं झालंय की 'किती रक्त गेलं' हे आपण सगळ्यात आधी विचारतो आणि तेच सगळ्यात कमी उपयोगाचं असतं. कुणाचं, कुठून, कोणत्या वयात, सोबत आणखी काय, हे आधी बघायला हवं. आणि माणसाचा नियम कुत्र्याला किंवा कुत्र्याचा माणसाला लावला की गडबड होते. इथे प्राणी पाळणारे पुष्कळ आहेत, दवाखान्यात काम करणारेही आहेत. आपापलं लिहा. भीती घालणारे फॉरवर्ड मात्र नकोत.

उंडगा

चांगला विषय. आमची लॅब पण आठव्या महिन्यात हीटवर आली होती. सगळे सोफे जुन्या चादरींनी झाकले. डायपरचा प्रयोग केला, तिने तो फाडून खाल्ला. ते रक्त साधारण किती दिवस चालतं? आमच्याकडे दोन आठवडे संपत आले तरी ठिपके होतेच, पण फिके.

पशुवैद्य_मिरज

सविस्तरच लिहितो, कारण ओपीडीत हे रोज सांगावं लागतं.

पहिली हीट छोट्या जातींत सहाव्या महिन्यापासून, लॅब-शेफर्डमध्ये आठ ते बारा महिन्यांच्या आसपास, आणि ग्रेट डेनसारख्या दांडग्या जातींत दीड-दोन वर्षांनीही येऊ शकते. त्यानंतर सर्वसाधारणपणे वर्षातून दोनदा. पूर्ण प्रकार तीन आठवड्यांचा. पहिले ७ ते १० दिवस योनी सुजते आणि लाल स्राव येतो. काही कुत्र्या स्वतःला इतक्या चाटून स्वच्छ ठेवतात की मालकाला पत्ताच लागत नाही. पुढच्या आठवड्यात स्राव पाणचट, फिका, वाळक्या गवताच्या रंगाचा होतो. उंडगा, तुमच्या लॅबचं अगदी वेळापत्रकाप्रमाणे होतं.

इथेच लोक फसतात. रक्त कमी झालं म्हणजे संपलं असं समजून पट्टा सोडतात, आणि नेमकी तेव्हाच ती नराला जवळ येऊ देते. मग ६३ दिवसांनी पिल्लं. तेव्हा मोगरीताई, पूर्ण तीन आठवडे गेट बंद. गच्चीवरही एकटी सोडू नका.

दुसरी गोष्ट, ही 'पाळी' नव्हे. बाईमध्ये गर्भ राहिला नाही की अस्तर गळतं, ते रक्त चक्राच्या शेवटी येतं. कुत्रीत बीज सुटायच्या आधी, इस्ट्रोजेन वाढल्याने फुगलेल्या बारीक रक्तवाहिन्यांतून लाल पेशी झिरपतात. म्हणजे गर्भ राहायच्या तयारीचं रक्त. त्यामुळे दर महिन्याला आली तर ते चुकीचं आहे. तीन-साडेतीन आठवड्यांच्या पुढे लाल येत राहिलं तरी दाखवा.

आणि कुत्रीची हीट म्हातारपणी बंद होत नाही. अंतर वाढतं, इतकंच. "बारा वर्षांची झाली, आता गेलं असेल" असं म्हणून मध्येच आलेल्या रक्ताकडे दुर्लक्ष करू नका.

सगळ्यात घाबरण्यासारखी अवस्था म्हणजे पायोमेट्रा, गर्भाशयात पू होणं. हीट संपून चार ते आठ आठवडे झालेले असतात. कुत्री खूप पाणी पिते, खूप मुतते, जेवत नाही, उलट्या करते, पोट फुगतं. गर्भाशयाचं तोंड उघडं असेल तर घाण वासाचा, रक्त मिसळलेला पू येतो. तोंड बंद असेल तर बाहेर काहीच येत नाही, आणि तो प्रकार जास्त वाईट. तिथे वाट बघायची नसते, गर्भाशय काढायची शस्त्रक्रिया करावी लागते. ज्यांना पिल्लं नको आहेत त्यांनी वेळेवर नसबंदी केली तर ही भानगडच राहत नाही. "एक तरी बाळंतपण होऊ द्या, मग करा" याला शास्त्रात काही आधार नाही.

रस्त्यावरच्या किंवा मोकळ्या फिरणाऱ्या कुत्र्यांत आणखी एक. महिनोन्महिने थेंब थेंब रक्त ठिबकतं, हीट असो नसो. नरातही. ती बहुधा टीव्हीटी नावाची गाठ असते. समागमातून किंवा चाटण्या-हुंगण्यातून गाठीच्या पेशीच एका कुत्र्यातून दुसऱ्यात रुजतात. हजारो वर्षांपूर्वीच्या एका कुत्र्याच्या शरीरात उगवलेल्या या पेशी आजतागायत जगभर अशा फिरतायत. दिसायला भयंकर, पण विनक्रिस्टिनची इंजेक्शनं आठवड्याला एक अशी चार ते सहा दिली की बहुतेक कुत्री पूर्ण बरी होतात. तुमच्या गल्लीतल्या कुत्र्याला असं काही दिसलं तर 'महारोग झालाय' म्हणून हाकलू नका. जवळच्या प्राणिमित्र संस्थेला कळवा.

शेंगदाणा_कूट

अवांतर: आमच्या शेजारच्या काकूंनी विचारलं, "ती तसली असताना देवघरापाशी येते, चालतं का तुम्हाला?" काय उत्तर द्यावं?

पशुवैद्य_मिरज

सांगा त्यांना की विटाळाचा हिशेबच इथे उलटा आहे. :)

उंडगा

आमच्या आजीने लॅबला चार दिवस 'बाहेर' बसवायचा प्रयत्न केला होता. पाचव्या दिवशीही थांबेना तेव्हा आजीनेच नाद सोडला.

वॉर्डसिस्टर

मी आधी कॅज्युअल्टीत होते, आता स्त्रीरोग ओपीडीत आहे. मोगरी, सासूबाईंना आणलंत ते फार बरं झालं. त्यांच्यासारख्या बायका आम्हाला रोज भेटतात आणि बहुतेकींची सुरुवात "सांगायचं लाजिरवाणं वाटलं" अशीच असते. पाळी गेल्यावरच्या रक्ताला बहुतेक वेळा साधंच कारण निघतं. अस्तर किंवा योनीमार्ग कोरडा आणि पातळ झालेला असतो, कधी मोड (अस्तराची छोटी वाढ, पॉलिप) निघतो. पण साधारण दहातल्या एकीत गर्भाशयाचा कॅन्सर निघतो, आणि रक्त दिसल्या दिसल्या आली तर तो सहसा लवकरच्या टप्प्यावर सापडतो. म्हणून 'एक ठिपका' हा नियम.

आता ज्यांची पाळी चालू आहे त्यांच्याबद्दल. दोन पाळ्यांच्या सुरुवातीत २४ ते ३८ दिवस, आठ दिवसांपर्यंत रक्त, आणि एकूण जेमतेम तीस-चाळीस मिली, हे सर्वसाधारण. मिली कोण मोजतंय? तेव्हा व्यवहारात असं विचारायचं. तासातासाला पॅड भिजतंय आणि असं काही तास चाललंय का? रात्री उठून बदलावं लागतं का? अडीच सेंटिमीटरपेक्षा मोठ्या गाठी पडतात का? जिना चढताना धाप लागते का? एकाचं जरी उत्तर हो असेल तर 'माझं पहिल्यापासून असंच आहे' हे कारण चालणार नाही. हिमोग्लोबिन सहावर आलेली बाई डोक्यावर हंडा घेऊन ओपीडीच्या दारापर्यंत चालत येते, हे मी पाहिलंय. शरीर हळूहळू सवय करून घेतं, आणि त्याच सवयीचा धोका असतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांना रक्तक्षय निघाला. त्यात खाण्याचा वाटा आहेच, पण 'अंगावरून जास्त जातं' हे न सांगण्याचाही आहे.

मधल्या दिवसांत डाग, संबंधानंतर रक्त, ही दोन्ही दाखवण्याचीच कारणं. संबंधानंतरचं रक्त तर विशेष, कारण तिथे गर्भाशयमुख तपासायचं असतं. गरोदरपणात कधीही लाल दिसलं तर फोनवर कुणाला विचारत बसू नका, थेट जा. सुरुवातीच्या महिन्यांत बऱ्याचजणींना थोडं होतं आणि पुढे सगळं नीट पार पडतं. पण गर्भाशयाऐवजी नळीत राहिलेला गर्भ त्यातूनच ओळखावा लागतो. पोटात एका बाजूला दुखणं आणि चक्कर असेल तर एक मिनिटही घालवू नका.

पशुवैद्य_मिरज

सिस्टर, एक भर घालतो. मुलीला अगदी पहिल्या पाळीपासून प्रचंड जातं, दात काढल्यावर रक्त थांबत नाही, असं असेल तर तुमच्याकडे फॉन विलेब्रँडची, म्हणजे रक्त गोठायला लागणाऱ्या एका प्रथिनाच्या कमतरतेची, तपासणी करतात ना? आमच्याकडे तोच आजार डॉबरमनमध्ये इतका दिसतो की नसबंदीच्या आधी हिरड्यांवरून रक्त थांबायची वेळ बघितल्याशिवाय मी चाकू लावत नाही. नाव तेच, कमतरता त्याच प्रथिनाची.

वॉर्डसिस्टर

हो, अगदी. आणि त्या मुलींना 'नाजूक आहे' म्हणून वर्षानुवर्षं टॉनिकं दिलेली असतात.

घोडबंदर

आता माझा किस्सा. आमच्या बीगलच्या एका नाकपुडीतून रक्त येत होतं. खाली कट्ट्यावर सगळ्यांनी सल्ले दिले. कांदा फोडून हुंगवा, डोक्यावर गार पाणी मारा, ऊन लागलंय. मलाही वाटलं, लहानपणी आपला घोळणा फुटायचा तसंच असेल. पण बायकोने त्याचा ओठ वर केला तर हिरड्यांवर टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके. पोटावरही. तसेच निघालो. प्लेटलेट २२ हजार. गोचीड ताप. डॉक्टर म्हणाले दोन दिवस उशीर झाला असता तर रक्त चढवावं लागलं असतं. पूर्ण २८ दिवस डॉक्सिसायक्लिन झालं. तिसऱ्याच दिवशी तो उड्या मारायला लागला आणि आई म्हणाली, "बरा झाला की, कशाला त्याच्या पोटात गोळ्या घालतोस?"

पशुवैद्य_मिरज

तुमच्या पत्नीने ओठ वर केला, तिथेच अर्धं निदान झालं. गोळ्या पूर्ण केल्यात हेही बरं केलंत. अर्धवट सोडलं की तो जंतू शरीरात दबून बसतो आणि महिन्यांनी, वर्षांनीही पुन्हा डोकं काढतो.

हा मुद्दा मला ठळक करायचा आहे. मुलाचा घोळणा फुटणं शंभरातल्या बहुतेक वेळा क्षुल्लक असतं. कुत्र्याच्या नाकातून आपोआप रक्त येणं मी कधीच क्षुल्लक धरत नाही. आपल्याकडे पहिली शंका गोचीड तापाची, त्यानंतर उंदराचं औषध, नाकात शिरलेलं कुसळ, बुरशी, म्हाताऱ्या कुत्र्यात नाकातली गाठ. कुत्र्याचं नाक चिमटून धरायला जाऊ नका, त्याला श्वास कोंडेल आणि तुम्हाला चावा बसेल. शांत ठेवा, नाकाच्या दांड्यावर फडक्यात गुंडाळलेला बर्फ धरा आणि निघा.

घरच्या घरी बघण्यासारखं एक. हिरडी निरोगी असताना गुलाबी असते. बोटाने दाबा, पांढरी होईल, सोडल्यावर दोन सेकंदांत पुन्हा गुलाबी व्हायला हवी. पांढरीफटक राहत असेल तर रक्त बाहेर दिसत नसलं तरी आत कुठेतरी जातंय असं समजा. मोठ्या जातीच्या उतारवयातल्या कुत्र्यांत प्लीहेची गाठ फुटते आणि बाहेर एक थेंब दिसत नाही. नुसता बसून राहतो, हिरड्या पांढऱ्या. काळ्या हिरड्यांच्या कुत्र्यात डोळ्याची खालची पापणी ओढून बघा.

लघवी गडद तपकिरी किंवा कॉफीच्या रंगाची आली, ताप आहे, तर तोही गोचिडीचाच दुसरा आजार असू शकतो, बॅबेसिया. पावसाळ्यात मुंबई-कोकणात लेप्टोही धरायचा. तो कुत्र्यालाही होतो आणि माणसालाही, उंदरांच्या मुताने नासलेल्या पाण्यातून. कुत्र्याची वर्षाची लस चुकवू नका. पायाला जखम असताना तुंबलेल्या पाण्यातून चालत आलात तर स्वतःही डॉक्टरांना विचारून गोळी घ्या.

वॉर्डसिस्टर

मुलांच्या घोळण्यासाठी: डोकं मागे टाकू नका. रक्त घशात जातं, मग उलटी होते आणि आई आणखी घाबरते. बसवायचं, थोडं पुढे वाकवायचं, नाकाचा खालचा मऊ भाग चिमटीत घट्ट धरायचा. हाडावर नव्हे, त्याच्या खाली. घड्याळ लावून दहा ते पंधरा मिनिटं. मध्ये 'थांबलं का' म्हणून सोडून बघायचं नाही, नव्वद टक्के लोक तिथेच चुकतात. कांदा, दुर्वांचा रस, यातलं काही नाकात घालू नका. अर्धा तास होऊनही चालूच असेल, किंवा रक्त घशातून मागे उतरत असेल तर दवाखाना.

वयस्कर माणसाचा घोळणा मात्र मुलासारखा धरू नका. रक्तदाब मोजा. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर सांगा. आणि ती गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका. नाकाचं रक्त थांबेल आणि दुसरीकडे गुठळी होईल.

डेंगीच्या दिवसांत ताप उतरला म्हणून लोक निर्धास्त होतात. तो उतरायचा काळच जोखमीचा. हिरड्यांतून रक्त, काळी शी, पोटात सतत दुखणं, उलट्या, यातलं काही दिसलं तर भरती. तापाला फक्त पॅरासिटामॉल. ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन नाही. पपईच्या पानांचा रस द्यायचा तर द्या बापडे, पण त्याच्या भरवशावर प्लेटलेटची तपासणी टाळू नका.

पशुवैद्य_मिरज

आणि पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेन यातलं काहीच कुत्र्याला देऊ नका! "लंगडत होता म्हणून माझी अर्धी गोळी दिली" आणि दोन दिवसांनी डांबरासारखी शी. पोटात अल्सर होऊन रक्तस्राव. हे आम्ही फार बघतो.

कातळसडा

रत्नागिरीकडून लिहितोय. आमच्या सड्यावर फुरसं म्हणजे घरचंच जनावर. वीतभर असतं, पावसाळ्याच्या सुरुवातीला दगडाखाली हात गेला की संपलं. चाव्याची जागा एवढीशी, पण तिथून रक्त थांबतच नाही. थोड्या वेळाने हिरड्यांतून, मग लघवीतून. घोणशीचंही तेच. आमच्या ग्रामीण रुग्णालयात करतात ती चाचणी सगळ्यांना माहीत असावी. थोडं रक्त कोरड्या स्वच्छ काचेच्या नळीत घालून वीस मिनिटं न हलवता ठेवतात. मग नळी तिरकी केली आणि रक्त तसंच वाहिलं, गोठलं नाही, तर विष रक्तात भिनलंय. महागडं यंत्र लागत नाही. हाफकिनची जी प्रतिविषाची लस आहे ती नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चारही सापांवर चालते, त्यामुळे साप पकडून आणायच्या फंदात पडू नका. आवळून बांधायचं नाही, ब्लेडने कापायचं नाही. जिथे रक्त गोठतच नाही तिथे कापणं म्हणजे नवीन नळ उघडणं.

आमच्या वाडीतल्या कुत्र्याला घोणशीने थोबाडावर मारलं होतं. तालुक्याच्या डॉक्टरांनी तीच माणसाची लस शिरेतून दिली. वाचला.

सुरणाची_भाजी

आयडी बघून हसू नका, तोच किस्सा सांगायचा आहे. वडिलांना शौचाला लाल रक्त जायचं. 'मूळव्याध' असं त्यांनीच ठरवलं. मग सुरणाची भाजी, ताक, हायवेवरच्या बोर्डावरचा 'एका दिवसात गॅरंटीने' वाला. दोनेक वर्षं. वजन उतरायला लागलं आणि शौचाची वेळ बदलली तेव्हा बहिणीने जबरदस्तीने कोलोनोस्कोपी करवली. मोठ्या आतड्याचा कॅन्सर, दुसऱ्या टप्प्यातला. शस्त्रक्रिया झाली, आता बरे आहेत. मूळव्याध त्यांना होतीच, गंमत म्हणजे. दोन्ही होतं.

बेधडक

हे असे धागे वाचून लोक उगाच घाबरतात. शंभरातल्या पंच्याण्णव लोकांना मूळव्याधच असते. प्रत्येकाने काय नळी घालून घ्यायची? डॉक्टरांचा धंदा.

वॉर्डसिस्टर

प्रत्येकाने नाही. पंचविशीतल्या मुलाला बद्धकोष्ठ आहे, शौचाच्या वेळी कापल्यासारखं दुखतं, कागदावर ताजं लाल लागतं, तर ती बहुधा चीर असते. कोमट पाण्यात बसा, भाजीपाला खा, आठवडा-दोन आठवड्यांत थांबायला हवं. पण वय पंचेचाळीसच्या पुढे, किंवा वजन उतरतंय, किंवा शौचाची सवय बदललीय, किंवा घरात कुणाला आतड्याचा कॅन्सर होता, किंवा शी काळी आणि चिकट होतेय, तर तपासणी. लोहाच्या गोळ्यांनी शी काळी होते आणि बिटाने लाल होते, हेही आधी आठवून बघा. लघवीतून न दुखता लाल आलं, त्यातही तंबाखू-बिडी ओढणाऱ्याला, तर ते एकदाच आलं आणि थांबलं म्हणून सोडू नका. थांबलेलं रक्त बरं झालेलं नसतं, हे मूत्राशयाच्या बाबतीत फार खरं आहे.

उंडगा

कुत्र्याच्या शीत रक्त आलं तर?

पशुवैद्य_मिरज

हुशार, खेळकर मोठ्या कुत्र्याच्या शीला शेवटी शेंबूड आणि एखाद-दुसरी लाल रेघ, म्हणजे आतडं चिडलंय. नमुना घेऊन दुसऱ्या दिवशी या, जंत बघू. लस न झालेलं पिल्लू, उलट्या, रक्ताची घाण वासाची जुलाबं, मलूल पडलंय, तर पार्व्हो (पिल्लांचा विषाणूजन्य जुलाबाचा आजार) धरून त्याच क्षणी निघा. सलाईनशिवाय ते एका रात्रीत सुकून जातं. पिल्लाच्या खेळण्यावर चौथ्या-पाचव्या महिन्यात रक्ताचे डाग दिसले तर तोंडात बघा, दात पडत असतील. नख कापताना आतली नस कापली गेली तर तुरटीची पूड किंवा कॉर्नफ्लोअर दाबून धरा, पाच-दहा मिनिटांत थांबतं. त्यासाठी रात्री फोन नका करू, कृपया.

वॉर्डसिस्टर

एका बाबतीत रक्ताच्या थेंबाला खरंच फार महत्त्व आहे ते लिहायचं राहिलं. कुत्रं चावलं आणि कातडी फाटून रक्त आलं तर ती तिसरी श्रेणी. म्हणजे लस तर हवीच, शिवाय जखमेत इम्युनोग्लोब्युलिनही हवं. आधी वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवा. हळद, चुना, मिरचीपूड काही लावू नका. टाके शक्यतो लगेच घालत नाहीत. रक्त न येता नुसतं ओरखडलं असेल तरी लस लागतेच, 'रक्त कुठे आलंय' म्हणून घरी बसू नका. आणि आपल्या ताज्या जखमेवर अनोळखी कुत्र्याने चाटलं तर तीही तिसरीच श्रेणी. लसीच्या तारखा चुकवू नका. रेबीजची लक्षणं एकदा सुरू झाली की आमच्याकडे करण्यासारखं काही उरत नाही.

मोगरी

सगळ्यांचे आभार, इतकं येईल वाटलं नव्हतं. सासूबाईंचा रिपोर्ट आला, मोड होता, दुर्बिणीतून काढला, कॅन्सर नाही. सहा महिन्यांनी पुन्हा सोनोग्राफी. ओपीडीत वाट बघताना त्यांनी शेजारच्या दोन बायकांना बोलतं केलं. त्यातल्या एकीचं तीन वर्षांपासून चालू होतं.

घोडबंदर

वा, सुटलात. आता कृपया कुणीतरी लगेच उत्तर द्या. रात्रीचे साडेअकरा झालेत, बीगलने स्वयंपाकघराच्या ओट्याखालची उंदराची वडी खाल्लीय. पाकिटावर ब्रोमाडायोलोन लिहिलंय. तासभर झाला असेल. एकदम मजेत आहे, शेपूट हलवतोय. सकाळी नेलं तर चालेल का?

पशुवैद्य_मिरज

नाही. आत्ता न्या, पाकीट सोबत घ्या. मजेतच दिसणार. रक्त गोठवणारे घटक शरीरात साठलेले असतात, ते संपायला तीन-चार दिवस लागतात आणि मग एकदम छातीत किंवा पोटात रक्तस्राव होतो. तोवर उशीर झालेला असतो. दोन तासांच्या आत उलटी करवली तर बरंच बाहेर पडेल. ते दवाखान्यातच, इंजेक्शनने. मिठाचं पाणी पाजू नका, त्यानेच कुत्री मरतात. वाटेत फोन करून विचारा की व्हिटॅमिन के-१ ठेवतात का.

वॉर्डसिस्टर

निघालात का? तोवर एक. ब्रोमाडायोलोनच्याच घराण्यातलं वॉरफरिन १९४८ मध्ये उंदीर मारायला बाजारात आलं आणि १९५४ मध्ये माणसांसाठी मंजूर झालं. आमच्याकडे हृदयाची झडप बदललेले पेशंट तेच किंवा त्याच घराण्यातलं औषध घेतात आणि महिन्याला रक्त तपासतात. म्हणजे याला उतारा आहे, घाबरू नका, फक्त वेळ घालवू नका.

घोडबंदर

आलो परत. पहाटेचे अडीच. उलटीत वडीचे निळे तुकडे निघाले. विष शोषून घेणारा औषधी कोळसा पाजला, तोंड काळं करून बसलाय. के-१ च्या गोळ्या तीन-चार आठवडे द्यायच्या म्हणाले. बाजारात सहज मिळत नाहीत, त्यांनी दोन दिवसांच्या दिल्या आहेत. गोळी कशासोबत द्यायची ते विचारायचं राहिलं.

पशुवैद्य_मिरज

स्निग्ध जेवणासोबत, म्हणजे नीट शोषली जाते. भातात अंडं चालेल. शेवटची गोळी संपल्यावर दोन-तीन दिवसांनी रक्त गोठायची वेळ तपासून घ्या, त्याआधी तपासली तर गोळीमुळेच बरी दिसेल. तोवर उड्या, मारामारी, नख कापणं बंद. बाकीच्या वड्या कुठे कुठे ठेवल्या आहेत ते आत्ताच शोधा.

घोडबंदर

फ्रिजमागे एक सापडली. आईला विचारतो आणखी कुठे.